परतपान आणि पत्र्याचे डबे

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत किती माणसं अंक काढतात, याची कल्पना बाहेरच्या कोणाला यायची नाही. मला आहे, कारण माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान कर्जतला तहसील कचेरीच्या रस्त्यावर आहे. दिवसभर सातबारे, प्रतिज्ञापत्रं आणि रहिवासी दाखले यांची गर्दी असते. ती ओसरली की कोणीतरी हळूच पुढे येतो, पिशवीतून जपून एक गठ्ठा काढतो आणि मुलगी बघायला आल्यासारखा लाजत म्हणतो, “ताई, आमचा अंक हाय.” मग ती कबड्डी मंडळाची स्मरणिका असते, भजनी मंडळाची पुस्तिका असते, शाळेचं हस्तलिखित असतं. नाहीतर साजगावच्या एका कारखान्यातल्या मंडळींनी कॅन्टीनच्या भिंतीवर चिकटवलेल्या भित्तिपत्रकाचे मोबाइलवर काढलेले फोटो असतात.

हे सगळं मी वाचते. कोणी सांगितलेलं नाही, तरी वाचते. आणि माझा स्वभाव असा की वाचलं की मत होतं, आणि मत झालं की ते तोंडातून बाहेर पडतं. “तुमच्या स्मरणिकेत अर्धा अंक शुभेच्छुकांचे फोटो आहेत, कबड्डी कुठाय?” असं मी एका अध्यक्षांना विचारलं, तर ते सगळी छपाई उचलून नेरळला घेऊन गेले. नवऱ्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, “अगं, तू झेरॉक्स काढ ना. परीक्षा कशाला घेतेस?”

पण मला खरंच त्या अंकांचं वाईट वाटायचं. माणसं रजा टाकून, घरच्यांची बोलणी खाऊन अंक काढतात, प्रकाशनाला नारळ फोडतात, पेढे वाटतात, आणि मग तो अंक कोणी वाचत नाही. ज्याचा फोटो असतो तो आपला फोटो बघतो, जिची कविता असते ती आपली कविता बघते, आणि अंक टीव्हीखालच्या कप्प्यात जाऊन पडतो. ‘कसा वाटला?’ असं विचारायचीसुद्धा सोय नाही, कारण समोरच्याने तो उघडलेलाच नसतो.

आमचं ‘परतपान’ हे छोटं पत्रक निघालं ते आपांमुळे, आणि त्यांच्या एका डब्यामुळे. आपा म्हणजे खोपोलीकडच्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई. त्यांचे आजोबा किनाऱ्याकडून तांदळाच्या व्यापारासाठी कर्जतला आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांच्या घरात सगळे त्यांना आपा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. एकदा त्यांनी मला फणसाची सांदणं पाठवली आणि त्याच पिशवीत, सहज बघायला म्हणून, त्यांच्या जुन्या शाळेतल्या मुलींचं हस्तलिखित ठेवलं. आता आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, आणि त्यांच्याकडेही करत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. नेमक्या त्या दिवशी आमच्या साखरेला मुंग्या लागल्या होत्या. मी दुकानातला एक कोरा कागद घेतला, त्या मुलींचं काय आवडलं ते पानभर लिहिलं, घडी घातली आणि डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी आपा दुकानात हजर. माझं पान काउंटरवर ठेवलं तर ते लाल शाईने भरलेलं. मी जिथे जिथे ‘अप्रतिम’ लिहिलं होतं तिथे तिथे काट.

“साखर टाकायची सोडून हे काय टाकलंस गं?” त्या म्हणाल्या. “आणि अप्रतिम म्हणजे काय? काय आवडलं ते सांग. ती शेवटची कविता रडकी आहे, ते का नाही लिहिलंस?”

“आपा, मुलींना वाईट वाटेल.”

“वाटू दे. कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं, एवढं तरी कळेल त्यांना.”

मी पान पुन्हा लिहिलं. पुढच्या बाजूला मी काय आवडलं ते लिहिलं, मागच्या बाजूला आपांनी काय नाही आवडलं ते. मुलींनी तो डबा करवंदांनी भरून परत पाठवला आणि वर चिठ्ठी ठेवली, की रडकी कविता काढून टाकली आहे, नवी लिहिली आहे, तीही बघावी. आपांनी ती चिठ्ठी वाचली आणि चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, “चल, हे छापू या.”

अशी ती सुरुवात. एक मोठा कागद, मधोमध घडी, झाली चार पानं. दोन तालुक्यांतल्या हौशी अंकांची परीक्षणं, बस्स. पुढची पानं माझी, मागची आपांची. पुढची गूळ आणि मागची मिरची, असं लोक म्हणायचे, आणि गंमत अशी की सगळे आधी मागचं पान उघडायचे. अंक केव्हा निघणार हे ठरलेलं नसायचं. वाचायला चार-पाच जमले आणि आपांचा गुडघा ठणकत नसला की निघायचा. भजनी मंडळाच्या पुस्तिकेबद्दल आपांनी लिहिलं, की प्रस्तावना भजनांपेक्षा लांब आहे आणि तिला चालही नाही. मंडळाचे बुवा महिनाभर आम्हाला बघून रस्ता बदलायचे. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत प्रस्तावना दोन ओळींची होती आणि खाली कंसात ‘आपांच्या धाकाने’ असं छापलं होतं. ते नेरळला गेलेले कबड्डीचे अध्यक्षही परत आले. म्हणाले, “तिकडे कोणी काय बोलतच नाय हो.”

आपांचा एक नियम होता. परीक्षण छापण्याआधी ते ज्याचं त्याला दाखवायचं, त्याच्या अंकासोबतच परत पाठवायचं. त्याला काही म्हणायचं असेल तर तेही छापायचं. नियम चांगला, पण त्यात एक अडचण होती. हस्तलिखिताची प्रत एकच असते. ती हरवली, भिजली, उंदराने खाल्ली, तर संपलं. मग आणायची-न्यायची कशी? इथे आपांचे धाकटे भाऊ कामाला आले. त्यांना आम्ही भाई म्हणतो. त्यांची खोपोलीला बेकरी आहे आणि त्यांचा पावाचा टेंपो रोज कर्जत, नेरळ, शेलू, कळंब असा फिरतो. बेकरीत खारी-टोस्ट ठेवायचे चौकोनी पत्र्याचे डबे असतात, तसले जुने डबे त्यांनी आम्हाला दिले. अंक उभा आत बसतो, झाकण घट्ट लागतं, पावसाची भीती नाही. गावातल्या ज्या दुकानात पाव उतरतो तिथेच डबा उतरायचा आणि तिथूनच परत यायचा.

आणि डबा म्हटल्यावर रिकामा कसा जाणार? आम्ही अंकासोबत खारी ठेवायचो. गावांकडून वाल यायचे, तांदळाचे पापड यायचे, साजगावहून कॅन्टीनची बर्फी यायची. त्यामुळे ‘परतपान’ बंद करायचं आम्ही दोघींनी ठरवलं, तरी ते कधी जमलं नाही. डबा भरून आला की परत काहीतरी पाठवावंच लागायचं.

आता कळंबच्या डब्याची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय ‘परतपान’ची हकिगत पुरी होत नाही.

कळंबच्या बाजूला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी रिसॉर्टं झाली आहेत. त्यातल्या एकाच्या स्वयंपाकघरात चार बायका काम करतात. त्यातली जी म्होरकी, ती एकदा दुपारी दुकानात आली. उंच, सडपातळ, बोलायला खणखणीत. पदराखालून तिने एक शिवलेली वही काढली.

“ताई, हा आमचा अंक हाय. आमी चौघींनी लिवलाय. तुमी दुसऱ्यांच्या अंकांवर लिवता ना, तसं आमच्यावर लिवा. पन रिसॉर्टचं नाव नको, आमचं नको. नि ही एकच प्रत हाय, जपून.”

“फोनवर फोटो का नाही काढून ठेवला?” मी विचारलं.

“फोनवर टाकलं का गावभर व्हतं. म्हनून तर कागदावर लिवलं.”

वही उघडली आणि मी दुकानातच हसायला लागले. त्या बायका पाहुण्यांचं परीक्षण करत होत्या. दर शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांवर एकेक पान. एक जण चुलीवरचंच पाहिजे म्हणून हटून बसला. त्याला काय माहीत, की चूल पुढे फोटोपुरती पेटवतात आणि जेवण मागे गॅसवर होतं. एका बाईने भाकरी थापायला शिकवा म्हणून तासभर घेतला, ताटभर फोटो काढले आणि जेवताना पोळी मागितली. एक नवरा-बायको दिवसभर भांडले आणि निघताना झोपाळ्यावर एकमेकांच्या खांद्यावर मान ठेवून फोटो काढून घेतला, तोही याच बायकांकडून. एकही वाक्य कुजकं नव्हतं. ज्यांनी वाढलं, त्यांनी बघितलेलं होतं ते सगळं. आपांनी ती वही वाचली आणि मागच्या पानासाठी लिहायला त्यांना काही सापडेना. शेवटी ‘अंक लवकर संपतो’ एवढी एकच तक्रार त्यांनी लिहिली.

पण ही वही रिसॉर्टच्या शेठच्या हातात पडली असती, तर चौघींना त्याच दिवशी घरी बसवलं असतं. पाहुण्याला नावं ठेवणारी बाई कोण ठेवून घेईल? त्या म्होरकीच्या दोन्ही पोरांची शाळा त्या पगारावर चालली होती, आणि हे तिने मला सांगूनच वही हातात दिली होती.

त्याच आठवड्यात शेलूच्या एका नव्या गृहसंकुलाचा दिवाळी अंक आला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पानापानावर फुलांची नक्षी. संकुलाच्या सांस्कृतिक समितीचे सचिव तो काढायचे. मुंबईला नोकरी, बोलणं अदबीचं, आणि अंकाची अतोनात हौस. त्यात मुख्य लेख होता ‘निसर्गाच्या कुशीत एक दिवस’. संकुलातले सगळे पिवळे टी-शर्ट घालून सहलीला गेले होते, कळंबला. मी वाचता वाचता थांबले. पिवळे टी-शर्टवाले कळंबच्या वहीतही होते. तेच रिसॉर्ट आणि तोच शनिवार. एका अंकात तो दिवस ताटाच्या बाजूने लिहिलेला होता आणि दुसऱ्यात कढईच्या बाजूने.

आपांनाही ते लगेच कळलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून पोट धरून हसलो आणि ठरवलं, की यातलं अक्षर कोणाला कळू द्यायचं नाही. शेलूच्या लेखाच्या समासात आपांनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं: ‘जेवणाचं कौतुक दीड पान आहे. ते जेवण कोणी केलं?’

मग दोन्ही अंक दोन डब्यांत भरले. सोबत आपापलं परीक्षण, सोबत खारी. आपांनी आयुष्यभर फळ्यावर लिहिलेलं, त्यामुळे त्या डब्यांवरही खडूनेच लिहायच्या. एका डब्यावर ‘कळंब’, एकावर ‘शेलू’, वळणदार अक्षरात. आणि भाई पडले बेकरीवाले. टेंपोत काहीही चढवायच्या आधी ते खिशातल्या फडक्याने पुसून घेणार म्हणजे घेणार, तीस वर्षांची सवय. एरवी एका खेपेला एकच डबा असायचा, त्यामुळे पुसला काय नि नाही काय. त्या दिवशी दोन होते.

दुसऱ्या दिवशी कळंबहून त्या म्होरकीचा फोन आला.

“ताई, ह्यात आमचा अंक नाय. ह्यात गुळगुळीत कागद हाय, नि पयल्याच पानावर ते पिवळे बनियनवाले हायत.” मग म्हणाली, “मंग आमचा कुठं गेला?”

मी काय झालं ते सांगितलं. ती चिडली नाही, ते जास्त वाईट होतं. मला पानं उलटल्याचा आवाज येत होता.

“हितं पेन्सिलीनं लिवलंय, जेवन कोनी केलं म्हनून. ते कोनी लिवलं?”

“आपांनी.”

“बरं लिवलंय,” ती म्हणाली. “पन ताई, त्यांनी शेठला फोन लावला तर आमी चौघी गेलो समजा. आमी खोटं काय लिवलं नाय. खरं लिवलंय, म्हनून तर भीती हाय.”

मी शेलूच्या सचिवांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. संध्याकाळी संदेश आला: ‘रविवारी सकाळी घरी यावे. समक्ष बोलू.’ मी तो आपांना दाखवला. त्या म्हणाल्या, “समक्ष लिहिलंय. म्हणजे माणूस भडकलाय.”

तोवरचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. कळंबहून रोज फोन यायचा आणि ती फक्त विचारायची, “काय कळलं?” मी म्हणायची, “नाही गं.” आणि ती म्हणायची, “शेठ अजून काय बोलला नाय. कामावर हाय मी.” मला रागही यायचा, कोणाचा ते कळत नव्हतं. खडूचा म्हणा, फडक्याचा म्हणा, त्या पिवळ्या टी-शर्टांचा म्हणा. एकीला आपला अंक कोणीतरी वाचावा एवढंच वाटलं होतं, आणि तेवढ्यासाठी तिचं काम जायची पाळी आली होती.

रविवारी भाईंच्या टेंपोतून आम्ही निघालो. पुढच्या सीटवर भाई, मधे मी, कडेला गुडघा सांभाळत आपा, मांडीवर खारीचं पुडकं. नेरळ येईपर्यंत भाई एकच वाक्य म्हणत होते, “मी फक्त डबे पुसले.” शेवटी आपा म्हणाल्या, “तू गप रं. तिथं मी बोलते.” पण त्याही मनातल्या मनात काहीतरी पाठ करत होत्या, ओठ हलत होते. चाळीस वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई, पण त्या दिवशी पार घाबरली होती.

शेलूला संकुलाची लिफ्ट बंद. आपा एकेक पायरी चढत वर आल्या. सचिवांनी दार उघडलं. समोर टीपॉयवर आमचा डबा. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “तुम्ही हे मुद्दाम केलंत.”

आपांची पाठ केलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्या म्हणाल्या, “खडू.” भाईंनी पुरावा म्हणून खिशातून फडकं काढून दाखवलं. सचिवांनी फडक्याकडे बघितलं, आपांकडे बघितलं, आणि त्यांचा काडीचाही विश्वास बसला नाही. तो आजतागायत बसलेला नाही. दोन्ही तालुक्यांत आजही सगळे मानतात, की ती अदलाबदल आपांनी ठरवून केली. सुरुवातीला आपा खुलासा करायच्या, आता नुसत्या हसतात.

मग सचिवांनी काय झालं ते सांगितलं. डबा आला तेव्हा त्यांच्या घरीच समितीची बैठक चालू होती. आपल्या अंकाचं परीक्षण आलं म्हणून सगळे जमले होते. आतून वही निघाली. कोणाची तरी गमतीची वही दिसते म्हणून त्यांनी मोठ्याने वाचायला घेतली. चुलीच्या पानावर सगळे हसले, झोपाळ्याच्या पानावर आणखी हसले. मग पिवळ्या टी-शर्टचं पान आलं. स्वतःचा लाउडस्पीकर आणून पाखरं उडवली, कांदाभजी पाच वेळा मागवली आणि उरलेली टिश्यूत बांधून पर्समध्ये घातली, असं सगळं. खजिनदार बाई लाल झाल्या, कारण पर्स त्यांची होती.

“मला इतका राग आला,” सचिव म्हणाले, “की मी रिसॉर्टच्या मालकाला तिथेच फोन लावला. रिंग जात होती. तेवढ्यात मागून आई म्हणाली, ‘पुढं वाच की.’ मी म्हटलं, आई, थांब. ती म्हणाली, ‘उरलेलं वाच, मग बोल फोनवर.’ मी फोन कट केला.”

त्यांनी डबा उघडला, वही काढली आणि ते पान आमच्यासमोर धरलं. मी आधी वाचलेलं होतं. पण तेव्हा मी त्या पानावर फारशी थांबले नव्हते. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आता त्यांनी ते पुन्हा वाचून दाखवलं.

‘ह्या घोळक्यात एक आजी होती. साडीवर पिवळं बनियन घातलेलं. तिला झाडाखाली खुर्चीत बसवून बाकीचे नदीवर गेले. ती मागच्या दाराने आत आली नि म्हणाली, मला काही काम द्या. आम्ही म्हटलं, आजी, तुम्ही पाहुण्या. ती म्हणाली, घरीपण पाहुणीच आहे. मग आम्ही तिला लसूण दिला. जेवणवेळेपर्यंत तिने सगळा लसूण सोलला नि आमच्याशी गप्पा मारल्या. जाताना नखं हुंगून हसली. ह्या वर्षीची सगळ्यात चांगली पाहुणी.’

वही मिटून सचिव म्हणाले, “बैठकीत ते ‘घरीपण पाहुणीच आहे’ माझ्या तोंडून बाहेर पडलं, आणि पुढे मला वाचवेना. आम्हाला वाटलं, आई झाडाखाली आराम करत होती. वडील गेल्यावर आम्ही तिला घाटावरून इथे आणलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी आणि बायको सारखं म्हणतो, आई, तू बस, तू काही करू नकोस. लसूणसुद्धा सोललेला आणतो. प्रेमानेच म्हणत होतो हो.”

आपांनी माझा हात धरला.

तेवढ्यात आतून लसणाचा वास आला आणि त्याच्या मागून आजी आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, चालताना एक पाय जपत. हातात सोललेल्या लसणाची फुगलेली पिशवी. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, एकीलाही साल चिकटलेली नाही. सचिव म्हणाले, “काल संध्याकाळपासून बसलीय. मला बाजारात पाठवून आणायला लावला.”

आजींनी आधी विचारलं, “त्या पोरींचं काम तर नाही ना गेलं?”

“नाही आई, मी फोन केलाच नाही परत,” सचिव म्हणाले. “आणि करणारही नाही. समितीतही तसं ठरलंय. पर्सवाल्या बाईंनीच ठराव मांडला.”

“मग ठीक,” असं म्हणून आजींनी वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात उभी ठेवली आणि शेजारी ती पिशवी कोंबली. झाकण लागेना. भाईंनी दाबून लावलं. आजी म्हणाल्या, “डबा मोकळा कसा धाडायचा? त्यांच्याकडं सगळं असतंय, एवढा लसूण सोलायला माणूस नसतंय, मी बघितलंय ना.”

शेलूहून आम्ही घरी गेलोच नाही, थेट कळंब गाठलं. मी टेंपोतूनच फोन करून म्होरकीला सांगितलं, की शेठला फोन झालेला नाही आणि होणारही नाही. तिने आत कोणालातरी गॅस बारीक करायला सांगितलं. मग ती म्हणाली, “मागच्या दारानं या. फुडं पाहुणे हायत.”

मागच्या दाराशी भाईंनी टेंपो लावला. ती हात पुसत बाहेर आली. डबा उघडून तिने आधी वही काढली, सगळी पानं आहेत का ते बघितलं आणि पदराखाली सारली. मग तिला वास आला. तिने पिशवी उचलली.

“ह्यो लसून कुनी दिला?”

मी सांगितलं. बैठकीचं सांगितलं, ‘पुढं वाच की’ सांगितलं, मुलगा वाचता वाचता थांबला ते सांगितलं. ती पायरीवर बसली. पिशवी मांडीवर ठेवून पाकळ्यांवरून हात फिरवत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचीही तिने घाई केली नाही. आतून बाकीच्या तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आमचा अंक येवढा कुनी वाचंल असं वाटलं नव्हतं,” ती म्हणाली.

आपा म्हणाल्या, “चल, डबा दे. पाव उतरवायचे आहेत अजून.”

“रिकामा कसा देऊ?” असं म्हणत ती उठली आणि डबा घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने आली ती डबा दोन्ही हातांनी उचलून. आपांनी झाकण उघडून बघितलं. आत लसणाचे गड्डे, साल-मातीसकट, काठोकाठ.

“हे काय गं? सोलायचाच दिलास?”

“मंग? सोललेला घेऊन ती काय करंल?” ती म्हणाली. “आज्जीला सांगा, शनिवारी मोठा ग्रूप हाय. शुक्रवारच्या टेंपोनं सोलून आला पायजे, उशीर केलेला चालनार नाय.”

आपांनी पर्समधून खडू काढला आणि डब्यावर वळणदार अक्षरात ‘शेलू’ लिहिलं. भाईंनी डबा उचलला, सवयीने खिशातलं फडकं बाहेर काढलं, आमच्या दोघींकडे बघितलं आणि परत खिशात घातलं.